परांचीची रेघ

सोमवारी अजिंठा बंद असतं, मंगळवारी वेरूळ. बीबी का मकबरा मात्र रोज उघडा. त्यामुळे मंगळवारी आमच्याकडे येणाऱ्यांत बरेच जण वेरूळचं दार बंद बघून माघारी फिरलेले असतात आणि तो राग समोर दिसणाऱ्या पहिल्या गाइडवर निघतो. ह्या कामात पहिली पाच मिनिटं बोलायची नसतात, माणसं बघायची असतात. ‘रिक्षा थांबवून ठेवलीय’ म्हणणाऱ्यांकडे अर्धाच तास असतो. कुणाच्या कडेवर मूल असेल तर आधी थेट चौथऱ्यावर न्यायचं आणि बागेची माहिती परतताना द्यायची. सकाळी कबरीच्या इमारतीची पश्चिम बाजू सावलीत असते, दुपारनंतर पूर्व. मे महिन्यात आमचा सगळा फेरा ह्या सावलीवर ठरतो.

त्या मंगळवारी माझ्याकडे जे कुटुंब आलं त्यातला मुलगा वाळूजच्या एका कंपनीत नुकताच लागलेला. सुट्टी म्हणून गावाहून आई-वडील आलेले, बरोबर बायको आणि दोन मुलं. गाव वाई तालुक्यातलं. मुलानं आधीच सांगून टाकलं, “ताई, तासाभरात आटपा. ऊन चढायच्या आत निघायचंय.” वडील मागे उभे होते. पांढरं धोतर, टोपी, हातात काठी. बोलत नव्हते. मी मनात त्यांना दमलेले धरून सावलीच्या बाकांचा हिशेब करत होते.

दरवाजातून आत आलं की मधोमध कारंज्यांची लांब वाट आणि तिच्या टोकाला घुमट. इथे नव्वद टक्के लोक एकच वाक्य बोलतात आणि त्या दिवशी ते सूनबाईंनी म्हटलं, “हा डुप्लिकेट ताजमहालच ना?”

ह्या वाक्याचा मला राग येतो आणि तो लोकांपेक्षा आमच्याच मंडळींवर जास्त येतो. कारण हे वाक्य लोकांच्या तोंडात आम्हीच घातलंय. ‘गरिबांचा ताज’ म्हटलं की पाहुणे हसतात, हसले की खुश होतात, म्हणून वर्षानुवर्षं तेच चालू. पुढे मग दौलताबादपर्यंतचं भुयार येतं, कारागिरांचे हात तोडल्याची आग्र्याची उसनी गोष्ट येते, निजामानं मकबरा उचलून हैदराबादला न्यायला काढला होता ही कथा येते. हातात लायसन्स असलेली माणसं हे सांगतात. इमारतीत बघण्यासारखं खरंच काही नसतं तर ह्या मसाल्याची गरज समजू शकले असते.

मी थोडक्यात खरं ते सांगितलं. दिलरस बानू बेगम ही औरंगजेबाची पहिली बायको, इराणच्या सफवी घराण्यातली. 1637 मध्ये लग्न झालं. 1657 च्या सप्टेंबरात अकबर नावाच्या मुलाला जन्म दिल्यावर महिन्याभरातच ती ह्या शहरात वारली. त्या वेळी औरंगजेब दख्खनचा सुभेदार होता, बादशहा नव्हता. पुढच्या वर्षी तो उत्तरेत जाऊन भावांशी लढून तख्तावर बसला. मकबरा उभा राहिला तो त्यानंतर. मुख्य दरवाजावर पितळी पत्रा मढवलाय, त्यावरच्या लेखात अताउल्ला ह्या वास्तुकाराचं आणि हंसपत राय ह्या अभियंत्याचं नाव आहे, साल हिजरी 1071, म्हणजे 1660-61. अताउल्ला हा ताजचा वास्तुकार मानल्या जाणाऱ्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. बापानं आग्र्याला जे केलं ते मुलानं इथे, वेगळ्या दगडाच्या मुलखात, पुन्हा करून बघितलं.

कित्येक माहितीपत्रकांत छापलेलं असतं की शहजादा आझमशहानं आईसाठी 1651 ते 1661 मध्ये मकबरा बांधला. आझमचा जन्म 1653 चा. इमारत पुरी झाली तेव्हा तो सात-आठ वर्षांचा होता, आणि 1651 ला त्याची आई जिवंत होती. मी हे गणित शाळकरी मुलांना करायला देते. त्या दिवशी थोरल्या नातवानं ते बोटांवर करून दाखवलं आणि म्हणाला, “म्हणजे बांधायला सुरुवात झाली तेव्हा मुलगा पण नव्हता!” मला एवढं पुरतं. पुढे आझमनं देखभाल केली असेल, डागडुजी केली असेल, ते वेगळं. पण छापलेला आकडा बेरीज न करता पाठ करणं हा आमच्या धंद्यातला सगळ्यात जुना आजार आहे.

हे सगळं चालू असताना म्हातारे आजोबा आमच्याबरोबर नव्हते. ते चौथऱ्यावर पोहोचले होते आणि पश्चिमेच्या भिंतीजवळ, सावलीत, नाक भिंतीला लागेल इतक्या जवळ उभे होते.

पश्चिमेला गर्दी कमी असते. चौथऱ्यावर त्या बाजूला जी मशीद आहे ती मूळ आराखड्यातली नव्हे, नंतर निजामाच्या काळात बांधलेली. तिच्यामुळे त्या अंगाची वाट बंद झाली. फोटो काढणारे समोरून दक्षिणेनं येतात आणि आत कबरीवर वाकून बघून निघून जातात. आत वरच्या सज्जातून खाली बघायचं असतं. खाली अष्टकोनी संगमरवरी जाळी, तिच्या मधोमध कबर. लोक वरून नाणी टाकतात. का टाकतात ते टाकणाऱ्यांनाही सांगता येत नाही.

मी आजोबांजवळ गेले आणि सवयीनं म्हणाले, “बाबा, भिंतीला हात नाही लावायचा हं.”

“न्हाई लावला, ताई,” ते म्हणाले. दोन्ही हात त्यांनी पाठीशी बांधलेले होते. “डोळ्यानं बघतोय. पर ह्यो दगूड न्हवं.”

खालचा पट्टा संगमरवराचा आहे, त्याच्या वर संगमरवर संपतो, हे मी सगळ्यांना दाखवते. बांधणी अशी आहे: कमरेच्या वरपर्यंतचा पट्टा संगमरवरी, मग घुमटाच्या बुडापर्यंत आपला इथला काळा बेसॉल्ट आणि त्यावर चुन्याचा घोटीव गिलावा, आणि घुमट पुन्हा संगमरवराचा. लांबून सगळं एकच पांढरं दिसतं. पण मला सांगावं लागतं तेव्हा लोकांना कळतं. ह्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

“तुम्ही ओळखलं कसं?”

“जोड न्हाई. दगडाला जोड असतोय. हितं खाली बगा, फरशी-फरशीला जोड हाय. वर गेलं की जोडच न्हाई. येवढा अखंड दगूड कुनी उचलला असता?” मग थोडं थांबून म्हणाले, “म्या वाड्यांची कामं केलीत. घाणीच्या चुन्याची. सिमीट यायच्या आधीपास्नं.”

मुलगा मागून आला होता. “बाबा गवंडी होते,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात जरा संकोच होता. मला तो आवडला नाही.

गडांवर चुन्याची घाणी दाखवून गाइड पुढे सरकतात: गोल चर, त्यात दगडी चाक, बैल फिरायचा. एवढ्यावर विषय संपतो. आजोबांनी मला त्या पुढचं सांगितलं. भट्टीतून आलेली कळी पाण्यात विरवायची, मग ती मुरवत ठेवायची. ‘घाई केली की चुना सूड घेतो.’ न विरलेली एखादी खडी गिलाव्यात राहिली तर वर्षा-दोन वर्षांनी ती भिंतीत फुलते आणि तिथला पापुद्रा उडवते. मग घाणीत वाळूबरोबर मळायचा, इतका की हातात लोण्यासारखा उचलून घेता आला पाहिजे. त्यात गुळाचं पाणी, हिरड्याचं पाणी, बेलफळाचा चीक. प्रत्येक गवंड्याचं प्रमाण वेगळं आणि कुणी कुणाला सांगायचं नाही. हे त्यांच्या वाड्यांचं. मकबऱ्यात नेमकं काय घातलं होतं ते माहीत असल्याचा आव त्यांनी आणला नाही, आणि मीही तो आणणार नाही.

मग त्यांनी मला जे दाखवलं ते बघून मला लाज वाटली, आपल्या लोकांची. भिंतीवर कुणीतरी खिळ्यानं की किल्लीनं दोन नावं कोरली होती आणि मध्ये बदाम काढला होता. अशी नावं जिथे हात पोहोचतो तिथे सगळीकडे आहेत. जे साडेतीनशे वर्षं पावसानं केलं नाही ते दहावी-बारावीची पोरं एका दुपारी करतात. मी रोज ती बघते आणि रोज तोंड फिरवते. आजोबांनी तोंड फिरवलं नाही. त्यांनी वाकून त्या ओरखड्याच्या आत बघितलं.

“ताई, तुमच्या मोबाइलचा उजेड द्या. असा समोरनं नको. भितीला चिकटवून, आडवा.”

मी फोन भिंतीपासून दोन बोटं लांब आडवा धरला. आडव्या उजेडात जी भिंत सपाट वाटत होती तिच्यावर सगळे चढउतार उमटले. आणि ओरखड्याच्या कडेला थर दिसले. सगळ्यात वर अगदी पांढरा, भाकरीच्या पापुद्र्याएवढा पातळ. त्याखाली किंचित मळकट, बारीक. त्याखाली जाडा, वाळूचा. आजोबा एकेका थराकडे बोट न लावता बोट दाखवत होते: हा पाया, हा मधला, आणि वरचा हा घोटलेला. “ह्यो वरचा ओला आसतानाच घोटायचा. गुळगुळीत गारगोटीनं. दाबून, एकसारखा. सुकला की मेला. मंग घोटून काय बी उपेग न्हाई.”

इथे मला त्यांचा मुद्दा कळायला लागला आणि तो अजून डोक्यातून जात नाही.

वरचा थर ओला असतानाच घोटायचा असेल तर एका दमात जेवढं घोटून होईल तेवढंच लिंपायचं. म्हणजे प्रत्येक दिवसाच्या कामाला कड आहे. आज जिथे थांबलं तिथे उद्याचं काम जोडायचं. हा जोड लपवणं हे खरं कसब. आजोबा म्हणाले की त्यांच्या वाड्यांत ते जोड कोनाड्याच्या कडेला, पट्टीच्या आड, खांबाच्या मागे दडवत. मोठ्या मोकळ्या भिंतीवर दडवायला जागा नसते. तिथे एक तर माणसंच इतकी लावायची की अख्खी पट्टी एका दिवसात व्हावी, नाहीतर जोड इतका साधायचा की दिसू नये.

“मंग हितं जोड कुठं हाय?” त्यांनी मला विचारलं.

मी ह्या इमारतीत इतकी वर्षं काम करते. संगमरवर जयपूरकडच्या खाणींतून आला हे मी सांगते. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये सुरतेहून गोवळकोंड्याला जाताना त्याला संगमरवर लादलेल्या तीनशेच्या आसपास गाड्या भेटल्या आणि त्यातल्या लहानातल्या लहान गाडीलाही बारा बैल होते, हे मी सांगते. खर्च 6,68,203 रुपये आणि 7 आणे झाला अशी नोंद आहे, आणि ताजचा म्हणून नेहमी 3 कोटी 20 लाखांचा आकडा दिला जातो, हेही सांगते. पण गिलाव्याला जोड कुठे आहे हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि कुठल्या पुस्तकातही मी ते वाचलेलं नाही.

आम्ही शोधायला लागलो. मी फोन धरायचा आणि त्यांनी बघायचं. तेवढ्यात पहारेकरी आला. मी त्याला सांगितलं की हात लागत नाहीये, तो थोडा वेळ उभा राहिला आणि मग तोही बघायला लागला. संगमरवराच्या पट्ट्याच्या वर, हात उंच केला तर पोहोचेल अशा ठिकाणी एक आडवी रेघ सापडली. रेघ म्हणजे भेग नव्हे. अलीकडचं आणि पलीकडचं पृष्ठ एक केसभर वरखाली, एवढंच. समोरून बघितलं तर काहीच नाही. आडवा उजेड पडला की कमानीच्या एका अंगापासून दुसऱ्या अंगाकडे सरळ जाताना दिसायची.

“परांचीची रेघ,” आजोबा म्हणाले. त्यांचा चेहरा आनंदानं इतका मोकळा झाला की मुलगाही जवळ आला.

गिलावा वरून खाली करत येतात, म्हणजे खाली झालेल्या कामावर घाण पडत नाही. परांचीच्या, म्हणजे कामासाठी भिंतीलगत बांधलेल्या माचाच्या, एका मजल्यावरून हात पोहोचेल तेवढी पट्टी झाली की फळ्या खाली उतरवायच्या आणि पुढची पट्टी. दोन पट्ट्यांच्या मध्ये रेघ. त्यांचं म्हणणं, ही जर परांचीची असेल तर हिच्या वर पुरुषभर उंचीवर दुसरी सापडली पाहिजे. तिथे फोन पोहोचत नाही.

“ऊन पोचल,” ते म्हणाले. “डोक्यावरनं कललं की ह्या भितीवर घासत येतंय. थांबू.”

त्या वेळी साडेअकरा वाजले होते. बाहेर पारा चाळिशीच्या पुढे. सूनबाई मुलांना घेऊन उत्तरेच्या सावलीत बसल्या. मला नागपूरचा एक ग्रुप बारा वाजता होता, तो मी सहकाऱ्याला दिला. त्यानं फोनवर विचारलं, “एका म्हाताऱ्यासाठी ग्रुप सोडतेस?” हो म्हटलं. ग्रुप रोज येतात.

थांबलो तेव्हा आजोबांनी गवंड्याचा प्रश्न विचारला: “ह्यो घुमट गळत न्हाई का?”

ह्यावर माझ्याकडे सांगण्यासारखं होतं आणि मी ते आनंदानं सांगितलं. 1652 च्या डिसेंबरात दख्खनच्या सुभेदारीवर येताना औरंगजेब आग्र्याला थांबला आणि आईच्या कबरीवर गेला. तिथून त्यानं बापाला, शहाजहानला, पत्र लिहिलं. ताज उभा राहून तेव्हा फार काळ झाला नव्हता. पत्रात लिहिलंय की पावसाळ्यात कबरीवरचा घुमट उत्तरेकडून दोन ठिकाणी गळतो, कमानी आणि वरचे सज्जेही ओले होतात. गवंड्यांनी बघून सांगितलं की वरचं छत उकलून पुन्हा चुन्याच्या कोब्यानं करावं लागेल. म्हणजे ज्या माणसाच्या बायकोसाठी हा मकबरा झाला त्याला ताजची गळती चांगली ठाऊक होती. ताजही आतून विटा आणि चुनाच आहे, संगमरवर वरून जडवलेला आहे. आपण ‘अख्खा संगमरवरी’ म्हणतो ते बाहेरच्या कातडीवरून.

आजोबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हंजी त्याला ठावं व्हतं. दगूड लावून पानी थांबत न्हाई.”

‘पैसे नव्हते म्हणून गिलावा केला’ हे सरसकट सांगितलं जातं. पैसे कमी होते हे खरंच, आकडे समोर आहेत. सरळ रेषेत मोजलं तरी साडेसातशे किलोमीटरहून लांबून दगड ओढून आणणं किती महाग पडलं असेल ते बारा बैलांवरून कळतं. पण गिलावा म्हणजे पैसे संपल्यावर फासलेला रंग, असं जे ऐकणाऱ्याच्या मनात उतरतं ते मला मान्य नाही. संगमरवराची फरशी चुकली तर ती काढून दुसरी लावता येते. ओल्या चुन्याला एकच संधी असते. जो राज्यकर्ता इतक्या मोठ्या भिंती अशा कामावर सोपवतो त्याच्या हाताशी तशी माणसं होती, आणि ती माणसं भरपूर होती. दरवाजावर वास्तुकाराचं नाव आहे, अभियंत्याचं आहे. आजोबांनी विचारलं, “आन् घोटनाऱ्यांची?” नाहीत म्हटलं. त्यांनी मान हलवली, जणू हे उत्तर त्यांना माहीतच होतं.

पाऊणच्या सुमाराला ऊन भिंतीच्या माथ्यावर आलं. मे महिन्यात आपल्याकडे सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. त्यामुळे तो पश्चिमेकडे कलला की थोडा वेळ प्रकाश वरून खाली, भिंतीला जेमतेम शिवत उतरतो. ती वेळ फार लहान असते. नक्षीची प्रत्येक पाकळी सावलीसकट उठून आली. नंतर सपाट भागावरचे चढउतार दिसायला लागले, जे मी कधीच बघितले नव्हते, कारण त्या वेळी मी कुठल्याही शहाण्या गाइडसारखी लोकांना घेऊन सावलीत असते.

“त्ये बगा.”

खालच्या रेघेच्या वर, साधारण पुरुषभर उंचीवर, सावलीचा एक धागा. मला दिसला. पहारेकऱ्याला दिसला. मुलाला आधी दिसला नाही, मग दिसला. फोटो काढले, पण फोटोत पांढऱ्यावर पांढरं येतं. थोड्या वेळात ऊन भरून आलं आणि भिंत पुन्हा कोरी झाली.

मी त्यांना उलट विचारलं, आणि ते विचारायलाच हवं होतं: ही डागडुजीची कड नसेल कशावरून? साडेतीनशे वर्षांत ह्या भिंतींवर किती हात फिरले असतील. मूळचा गिलावा कुठला आणि नंतरचा कुठला हे डोळ्यांनी ठरवणं धोक्याचं आहे.

त्यांना प्रश्न आवडला. म्हणाले, डागडुजीच्या डागाला चार बाजू असतात. आडवी रेघ कुठेतरी वळून खाली किंवा वर गेली तर तो डाग. न वळता कमानीपासून कमानीपर्यंत गेली तर परांची. आम्ही दोन्ही टोकं बघितली. एका टोकाला रेघ सरळ कमानीच्या पट्टीत शिरते. दुसऱ्या टोकाला वरून इतके चुन्याचे हात बसलेत की काही कळत नाही.

दीड वाजता ते गेले. मुलानं पैसे देताना तासाचे न देता जास्त दिले, मी ठरलेले घेतले. जाताना तो वडिलांच्या हाताला धरून पायऱ्या उतरवत होता आणि त्यांना विचारत होता की वाईतला कुठला वाडा तुम्ही केला होता. एवढ्या वर्षांत हे त्यानं विचारलेलं नसावं.

आठवड्याभरानं मुलाचा फोन आला. वडिलांना बोलायचं होतं. त्यांना झोप लागत नव्हती म्हणे. त्यांनी एकच गोष्ट बघायला सांगितली: रेघेशी खालच्या पट्टीचा थर वरच्या पट्टीवर चढलाय की वरचा खालच्यावर? वरून खाली काम आलं असेल तर वरची पट्टी आधी झाली, म्हणून खालची तिच्या कडेवर चढलेली असणार. उलटं असेल तर मधली पट्टी नंतर कुणीतरी भरलीय.

रेघ जिथून जाते तिथे एका ठिकाणी ती कोरलेल्या नावावरून जाते. ज्या ओरखड्यांचा मला संताप येतो त्यातल्याच एकानं ती मला आतून दाखवली. आडव्या उजेडात, भिंगातून बघितलं. खालचा वरच्यावर चढलाय. किमान मला तसं दिसलं. मी फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडून जोरात “व्हय!” असं आलं.

पण त्याच रात्री मला दुसरी बाजू सुचली. हात पोहोचतो तिथवरच भिंत जास्त खराब होते, आणि म्हणून तिथेच जास्त डागडुजी होते. संगमरवराच्या पट्ट्यापासून रेघेपर्यंतचा सगळा भाग कधीतरी नव्यानं केला असेल तरी खालचा वरच्यावरच चढलेला दिसेल. मी हे त्यांना कळवलं. ते बराच वेळ विचार करून म्हणाले, “बरुबर हाय तुमचं. पर मंग वरची रेघ कशाची?”

ह्याचं उत्तर माझ्याकडे नाही. वरची रेघ पुन्हा बघायला मी जूनमध्ये प्रयत्न केला, तर आभाळ भरून आलेलं. आता मार्गशीर्ष चालू आहे आणि दुपारचं ऊन दक्षिणेकडून तिरपं येतं. ह्या उजेडात आडव्या रेघा पुसट होतात आणि उभ्या दिसतात. त्यामुळे आता मी उभी कड शोधतेय, कारण डाग असेल तर त्याला उभी कड असलीच पाहिजे. गेल्या आठवड्यात चुन्याचे हात बसलेल्या त्या टोकापाशी एक उभं काहीतरी दिसलं. ते कड आहे की साधी भेग, मला ठरवता आलं नाही. फोटो पाठवला. आजोबांनी निरोप दिला की फोटूवरनं चुना कळत नसतो, वैशाखात येतो, आणि तोवर त्या भितीवर कुणाला कुंचला फिरवू देऊ नका.